असतील की असते?

महिन्याची सव्वीस तारीख होती. पगारदार मंडळींना या तारखेचं विशेष काही वाटत नाही, चार दिवसांनी बँकेचा मेसेज येणारच असतो. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला मात्र सव्वीस तारखेपासून घरमालक दिसायला लागतो. जागेपणी! तर अशा त्या तारखेला मला एका ऑफिसच्या अकाउंट्स डिपार्टमेंटमधून मेल आला. दोन महिने मागे लागल्यावर आलेला मेल, त्यामुळे चहा बाजूला ठेवून उघडला. आत एकच ओळ होती.

'डिअर मॅम, यू वुड हॅव रिसीव्हड युवर पेमेंट.'

फुलस्टॉप. पुढे रिगार्ड्स.

मी लगेच बँकेचं अॅप उघडलं. बॅलन्स चारशे बारा रुपये. सकाळीही तेवढाच होता. मग मेल परत वाचला. आता तुम्हीच सांगा, याचं मराठी काय करायचं? 'तुम्हाला पैसे मिळाले असतील'? की 'तुम्हाला पैसे मिळाले असते'? पहिलं असेल तर पैसे वाटेत आहेत, जरा दम धरा. दुसरं असेल तर पैसे गेले, कारण त्यापुढे एक 'पण' येणार. पण तुम्ही बिलावर सही केली नाही, पण तुम्ही पॅन कार्ड जोडलं नाही, पण साहेब सुट्टीवर आहेत. मराठीत 'असतील' आणि 'असते' यांच्यात उगाच गफलत होत नाही. इंग्रजीत दोन्हीला वुड हॅव!

मी व्याकरणाची मास्तरीण नाही. पण शब्दांवर पोट आहे, त्यामुळे असं काही दिसलं की दिवसभर डोक्यात भुणभुण चालू राहते. तर गंमत अशी, की त्या अकाउंट्सवाल्याची काही चूक नव्हती. इंग्रजीत वुड हॅव खरंच दोन कामं करतं. एक, झालेल्या गोष्टीचा अंदाज. दार वाजलं, उघडेपर्यंत कुणी नव्हतं, तर साहेब म्हणतो, 'दॅट वुड हॅव बीन द पोस्टमन.' पोस्टमन असेल. दुसरं, न झालेल्या गोष्टीची हळहळ. 'आय वुड हॅव कम.' मी आले असते. कुठलं काम चालू आहे ते आजूबाजूला एखादा इफ किंवा बट आहे का, यावरून ओळखायचं. माझ्या मेलमध्ये आजूबाजूला फक्त रिगार्ड्स होते.

आपल्या ऑफिसांमध्ये हा वुड एकंदरीतच फार लाडका. 'आय वुड बी रीचिंग बाय टेन.' 'द मीटिंग वुड बी ऑन मंडे.' साधं विल म्हटलं की उद्धट वाटतं, वुड म्हटलं की कसं सुटाबुटातलं वाटतं! बाहेरच्या देशातला क्लायंट मात्र ते वाचून वाट बघत बसतो, की दहाला पोचला असतास, मग अडलं कुठे बाबा?

असो. त्याच रात्री माझी नागपूरची गाडी होती. मामाकडे निघाले होते, कारध्याला. आणि कारण तसं इंग्रजीचंच होतं. मामेभावाचा नागपुरात इंटरव्ह्यू होता, एका खासगी बँकेत, ट्रेनीच्या जागेसाठी. 'ताई, माह्यं इंग्लिश पाहून देशील का' असा त्याचा मेसेज येऊन आठवडा झाला होता.

कारधा तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पण पावसाळ्यात मराठी पेपर वाचत असाल तर नाव नजरेखालून गेलं असेल (हे बघा, 'असेल'). नागपूरहून साधारण साठ किलोमीटरवर भंडारा, भंडारा संपलं की वैनगंगेवरचा पूल आणि पूल उतरला की कारधा. वैनगंगेचं पाणी किती चढलं ते इथे मोजतात. म्हणून एरवी कुणाच्या गावीही नसलेलं हे गाव दर पावसाळ्यात बातमीत येतं, पुढे मीटरमधला आकडा घेऊन. आमच्या मामीला आकडा लागत नाही. जुन्या पुलाकडे बघून ती सांगते, आज झोपायचं की जागायचं.

मामाचं छोटं किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. मी पोचले तेव्हा भाऊ काउंटरवर बसून प्रिंटआउट पाठ करत होता. 'इंटरव्ह्यूत विचारले जाणारे पंचवीस प्रश्न.' तुम्ही आम्ही सगळेच या कागदातून गेलोय. टेल मी अबाउट युवरसेल्फ. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता. तुमचा वीकनेस काय (उत्तर: मी फार परफेक्शनिस्ट आहे. कोण विश्वास ठेवतं?). भावाने बावीस उत्तरं घोटून ठेवली होती आणि खरं सांगते, चांगली होती. तेविसाव्यावर गाडी अडली होती.

'व्हॉट वुड यू हॅव डन डिफरन्टली?'

म्हणजे एखादी गोष्ट सांगा, जी पुन्हा करायची वेळ आली असती तर तुम्ही वेगळी केली असती. एचआरवाल्यांचा आवडता प्रश्न. त्यात भावाच्या बायोडेटात बारावीनंतर एक वर्षाची गॅप, त्यामुळे गाडी तिथूनच या प्रश्नावर येणार हे नक्की. त्याने वहीत उत्तर लिहिलं होतं, पेन्सिलने. पहिलं वाक्य असं:

'इफ आय वुड हॅव लिफ्टेड द ट्रंक, इट वुड हॅव बीन सेव्हड.'

मी सवयीने लाल पेन काढलं आणि पहिल्या वुड हॅववर काट मारली. वर लिहिलं, 'हॅड'. इफ आय हॅड लिफ्टेड. तो म्हणाला, 'काऊन? खाली चालते तं वर काऊन नाई चालत?'

आता हा प्रश्न मला शाळेत कुणी विचारला असता तर मी 'तसा नियम आहे' म्हणून मोकळी झाले असते. या वाक्यात 'असता' किती वेळा आला बघा. विचारला असता, झाले असते. मराठीत न झालेल्या गोष्टीचं वाक्य दोन पायांवर उभं राहतं आणि दोन्ही पायांत तोच बूट असतो. पेटी उचलली असती तर वाचली असती. पाऊस थांबला असता तर पाणी उतरलं असतं. 'तर'च्या अलीकडे असता, पलीकडे असता. हिंदीतही तसंच, 'वो आता तो मैं जाता'. मग आपला माणूस इंग्रजीत शिरतो तेव्हा प्रामाणिकपणे दोन्हीकडे वुड हॅव ठेवतो. त्यात गावंढळपणा कुठे आला? तो आपल्या भाषेचा हिशेब चोख ठेवत असतो, एवढंच.

इंग्रजीचा हिशेब वेगळा. तिथे इफच्या बाजूला वुड सहसा फिरकत नाही. जे घडलंच नाही ते दाखवायला इंग्रजी माणूस काळात एक पाऊल मागे जातो, म्हणून हॅड. इफ आय हॅड लिफ्टेड. या हॅडने दार लावून घेतलं, उचलली नाही म्हणजे नाही. मग पलीकडच्या खोलीत वुड हॅव, जे काय झालं असतं त्याचं. म्हणजे घडलं नाही ते एका खोलीत आणि त्याचा परिणाम दुसऱ्या खोलीत. आपल्याकडे वन रूम किचन.

(समाधानासाठी सांगते, बोलताना खुद्द अमेरिकन लोकही सर्रास 'इफ आय वुड हॅव' म्हणतात. आणि इंग्रजीत जन्मलेले कितीतरी लोक वुड हॅव घाईत 'वुडव्ह' म्हणता म्हणता लिहितानाही 'वुड ऑफ' लिहितात. ती चूक आपल्याकडे तुम्हाला सहसा दिसणार नाही. कारण आपण इंग्रजी आधी डोळ्यांनी शिकतो, कानांनी नंतर. पण इंटरव्ह्यूला समोर बसलेला माणूस अमेरिकन नसतो. तो आपल्यातलाच असतो आणि त्याला हा नियम पाठ असतो.)

मामाच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटायचं. मग तर्खडकरांची भाषांतर पाठमाला नाहीतर रॅपिडेक्स. महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे मी आणि भाऊ पहिलीपासून इंग्रजीवाले. तरी त्या पेन्सिलच्या वाक्यात आमची मराठी जशीच्या तशी बसलेली होती. वर्षं वाढली, पण मनातलं बोलायची वेळ आली की माणूस आईच्या भाषेतूनच वळण घेतो. बाकीच्या बावीस उत्तरांत अशी एकही चूक नव्हती. ती पाठ केलेली होती. तेविसावं त्याचं स्वतःचं होतं.

कारण ट्रंक खरी होती.

ऑगस्ट २०२०. लॉकडाऊन चालू, घरात गणपती बसलेले. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणातून वैनगंगेत पाणी सोडलं गेलं आणि २९ ऑगस्टनंतरच्या दोन दिवसांत भंडारा जिल्ह्यात कित्येक वर्षांत पाहिला नव्हता असा पूर आला. मी तेव्हा पुण्यात, फोन हातात धरून. मामाकडे पाणी रात्री दुकानाच्या पायरीला लागलं. तांदळाची पोती, साखर, तेलाचे डबे, काय काय वर न्यायचं? मामी पेटी पेटी म्हणत होती. पलंगाखालची पत्र्याची पेटी, आमच्या आजीची. त्यात घराचे कागद, सगळ्यांचे दाखले आणि आजीचा एकुलता एक फोटो. भाऊ तेव्हा अठराचा, नुकताच बारावी झालेला. त्याने आधी टीव्ही उचलला. टीव्ही स्लॅबवर ठेवून खाली आला तोवर पाणी मांडीला लागलं होतं आणि मामाने त्याला परत आत जाऊ दिलं नाही.

टीव्ही वाचला. अजून चालतो, मामी त्यावर सीरियल बघते. पेटी चौथ्या दिवशी उघडली तेव्हा कागदांचा लगदा झालेला. दाखले पुढे नागपूर बोर्डात खेटे घालून दुसरे काढले. फोटो कुठल्या बोर्डातून काढणार? दुकान उभं करायला एक वर्ष गेलं आणि त्या वर्षभर भाऊ कॉलेजला नाही, दुकानात होता. बायोडेटातली गॅप ती.

हे सगळं मला माहीत होतं. नवं कळलं ते त्या रात्री जेवताना. मी सहज विषय काढला तर मामी भात वाढता वाढता म्हणाली, 'उचलाले पायजे होती पेटी.'

एवढंच. त्यात राग नव्हता. पण भावाचा हात ताटात थांबला. मी बघितलं आणि त्या वाक्यात काय होतं ते मला तेव्हा दिसलं. कुणी उचलायला हवी होती? मामीच्या वाक्यात माणूसच नाही! मराठीत ही सोय आहे. उचलायला हवी होती, सांगायला हवं होतं, जायला हवं होतं. करणाऱ्याचं नाव नाही घेतलं तरी वाक्य पुरं होतं, आणि ज्याला लागायचं त्याला लागतं. ज्याला लागू नये त्यालाही लागतं. 'पाणी सोडून राहिले हे सांगाले पायजे होतं,' असंही मामी पुढे म्हणाली. कुणी, म्हणून मी विचारलं तर तिने खांदे उडवले आणि पातेलं उचलून आत गेली.

इंग्रजीत शुड हॅव ही वुड हॅवची सख्खी बहीण, पण स्वभावाने कडक. तिला कर्ता लागतोच. नुसतं 'शुड हॅव लिफ्टेड द ट्रंक' लिहिलं की समोरचा विचारणार, हू? मग आय घाला, वी घाला, नाहीतर वाक्य उलटं करून 'द ट्रंक शुड हॅव बीन लिफ्टेड' म्हणा. ऑफिसात चुकलेल्या कामाचे मेल असेच उलटे येतात ना? 'धिस शुड हॅव बीन चेक्ड.' कुणी चेक करायचं होतं ते सगळ्यांना माहीत, मेलमध्ये नाव कुणाचंच नाही. साहेबांनाही आमच्या मामीची युक्ती लागतेच कधीमधी.

जेवण झाल्यावर भाऊ परत वही घेऊन बसला. त्याने पाच वर्षांत त्या वाक्यात 'मी' हा कर्ता स्वतःच भरून ठेवला होता. आईने म्हटलेलं नव्हतं, बापाने म्हटलेलं नव्हतं. मी म्हटलं, हे बघ, खरं काय झालं ते साध्या मराठीत सांग. तो म्हणाला, 'मले वाटलं पाणी एवढं येनार नाई.' झालं तर मग! कुणाला वाटलं होतं? त्या रात्री सगळ्या घराने तेच धरलं होतं. 'शुड हॅव' म्हणायला आधी माहीत असावं लागतं. तुला माहीत नव्हतं.

आणि मग मला माझंही सांगावं लागलं. २०१९ च्या दिवाळीत मी इथेच होते. पेटी उघडली होती, फोटो हातात घेतला होता. मोबाइल खिशात. 'उद्या उजेडात नीट काढते' असं म्हणून परत ठेवला. दुसऱ्या दिवशी माझी बस सकाळची होती. इफ आय हॅड टेकन आउट माय फोन. दहा सेकंदांचं काम. हे मी घरात कधी बोलले नव्हते. पेटीचं नाव निघालं की मीही मुकाट जेवत होते, भावासारखीच. फरक एवढाच, की माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'तं ताई, तुह्यं वाक्य बरोबर हाय. माह्यंच चुकलं होतं वुड हॅव.' आणि हसला. बऱ्याच दिवसांनी.

उत्तर मग आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. पेटी काढून टाकायची असं माझं मत होतं. बँकेतल्या अनोळखी माणसापुढे घरचा फोटो कशाला? त्याला प्रोफेशनल काहीतरी हवं असतं, टाइम मॅनेजमेंट वगैरे. भाऊ ऐकेना. म्हणाला, पाठ केलेलं सांगितलं की माझा आवाज बदलतो. ते मात्र खरं होतं. शेवटी चार वाक्यं ठेवली. २०२० च्या पुरात आमचं दुकान गेलं. एक वर्ष शिक्षण थांबवून मी ते वडिलांबरोबर उभं केलं. 'इफ आय हॅड नोन हाउ हाय द वॉटर वुड राइज, आय वुड हॅव मूव्हड द पेपर्स फर्स्ट.' आता आमची सगळी कागदपत्रं मोबाइलमध्ये आहेत आणि दुकानाचं उधारखातंसुद्धा. तिसऱ्या वाक्यात फोटो नाही, नुसते पेपर्स आहेत. तेवढी तडजोड त्याने केली. आणि 'हॅड नोन' म्हणायची प्रॅक्टिस त्याने सकाळी गिऱ्हाईकं करता करता केली. अर्धा किलो तूरडाळ, इफ आय हॅड नोन. दोन रुपयांची शाम्पूची पुडी, इफ आय हॅड नोन. एका म्हातारबुवांनी मामाला विचारलं, पोट्ट्याले काय होऊन राहिलं?

माझे पैसे मी पुण्यात परतल्यावर तिसऱ्या दिवशी आले. म्हणजे 'असतील'च होतं ते, जरा घाईत लिहिलेलं. घरमालक पुन्हा भिंतीत विरघळून गेला.

भावाचा इंटरव्ह्यू झाला. गॅपबद्दल विचारलं. तेविसावा प्रश्न विचारलाच नाही, पण गॅपच्या उत्तरात त्याने तिसरं वाक्य घुसवून दिलं. समोरच्या बाईंनी मान वर करून विचारलं, कुठलं गाव? कारधा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, पेपरात येतं ते? तो हो म्हणाला. बाकी संगणकावर बेरजा करून दाखवायच्या होत्या, त्या दुकानाच्या पोराला काय अवघड?

काल रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला. बँकेतून आलेल्या मेलचा फोटो होता. वर नाव, खाली रिगार्ड्स, मधे एक ओळ: 'यू वुड हॅव हर्ड फ्रॉम अस बाय फ्रायडे.'

आज रविवार. शुक्रवारी काही आलेलं नाही. फोटोखाली त्याने विचारलं होतं, 'ताई, असेल का असतं?'

मी लिहिलं, सोमवारी अकराला फोन कर. आणि मराठीत बोल.